खटका

थोरलीचा चाकू मोडला तो ऐन कलमांच्या दिवसांत. पेरूच्या खुंटात पातं रुतलं होतं. ते काढायला तिनं मनगट जरा वळवलं, तर टक् असा बारीक आवाज झाला. मूठ हातात राहिली आणि अर्धं पातं खुंटात.

"मेला," ती म्हणाली.

समोर बसलेली धाकटी जाऊ दचकली. "कोण?"

"चाकू गं."

बारा वर्षांपूर्वी सासऱ्यानं स्वतःच्या हातातला हा चाकू तिच्या हातात दिला, तेव्हा पातं चांगलं बोटभर रुंद होतं. दगडावर घासून घासून ते गवताच्या पात्याएवढं उरलं होतं. त्यामुळे चाकूबद्दल तिची तक्रार नव्हती. जेवढं आयुष्य होतं तेवढं तो जगला. तक्रार होती ती वेळेबद्दल.

रोपवाटिकेत बायका जोडीनं बसत. एकीनं कापायचं, दुसरीनं बांधायचं. खुंट आडवा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, की दुसरीनं लगेच पट्टी आवळायची. वारा लागला की कापलेलं सुकतं, म्हणून हात थांबता कामा नये. खुंटात रस असतो तो दोन-अडीच महिने. यंदा गरम वारं आठवडाभर आधीच सुटलं होतं, आणि हिरव्या जाळीखाली बसलेल्या बायकांच्या पाठी सकाळी नवालाच ओल्या व्हायला लागल्या होत्या. कापणारीचा हात थांबला की बांधणारीची मजुरीही थांबते. थोरली आणि धाकटी ही जोडी सगळ्यांत पुढे असायची. थोरलीनं लावलेल्या शंभर कलमांतली नव्वद जगत.

मुकादम आला. मोडलेला चाकू त्यानं पाहिला आणि मान हलवली.

"बाई, हत्यार ज्याचं त्याचं. रोपवाटिका रोपं देते, पट्टी देते. चाकू देत नाही."

"मागितला का मी?"

"नाही, आधीच सांगून ठेवलं."

तो दिवस थोरलीनं शेजारच्या जोडीचा चाकू त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत मागून घेऊन कसाबसा काढला. चांगला कलमी चाकू शहरात मिळायचा, तोही मागवावा लागायचा. तो येईस्तोवर खुंटातला रस काही तिची वाट बघत थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी बाजार होता. सासरा म्हणाला, "मी आणतो. तू कामावर जा."

सासऱ्याला ह्या कामातली पन्नास वर्षं झाली होती. आता गुडघे बसू देत नव्हते, पण नजर शाबूत होती. गावात कुणी कोयता घेतला, कात्री घेतली, तरी आधी म्हाताऱ्याला दाखवायचा. तो पात्याला नख लावायचा, उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा आणि "घे" किंवा "ठेव" एवढंच म्हणायचा. त्याचं "ठेव" ऐकून विकणाऱ्यांची तोंडं उतरायची.

बाजारात हत्यारवाल्यानं पत्र्याच्या मोठ्या ताटात दुमडते चाकू मांडले होते. लाल मुठीचे, काळ्या मुठीचे. सगळे नवेकोरे, सगळे स्वस्त. तो एक उचलायचा, अंगठ्यानं पातं उघडायचा, खट् आवाज करायचा आणि ओरडायचा, "खटक्याचा चाकू! एकदा उघडला की लोखंडी खांब!"

म्हाताऱ्यानं काळ्या मुठीचा एक घेतला. नख लावलं. मनगटावरचे चार केस उडवले. उजेडाकडे धरलं. धार खरंच चांगली होती. मग त्यानं पातं डावीउजवीकडे हलवून पाहिलं.

"जरा हलतंय."

"नवा आहे आजोबा. नवी नवरी लाजतेच की थोडी. आठवड्यात बसेल."

"खटका धरतो ना? माझ्या सुनेचं हातावरचं काम आहे."

"हत्ती लटकवा!" हत्यारवाला म्हणाला.

आजूबाजूचे हसले. म्हाताराही हसला. त्यानं "घे" म्हटलं, पण ह्या वेळी ते स्वतःलाच म्हटलं.

संध्याकाळी घरात चाकू हातोहात फिरला. दोघे भाऊ, ह्या जावांचे नवरे, गवंडीकाम करून सिमेंटच्या अंगानं आले होते. थोरल्यानं उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "बरा आहे की. एवढ्या स्वस्तात?"

"धार बघ," म्हातारा म्हणाला. "पोलाद वाईट नाही."

पहिले दोन दिवस चाकूनं थोरलीला खूश केलं. काडी तासताना लोण्यासारखी साल निघायची. धाकटीला पट्टी आवळायला उसंत मिळेना. "हळू कापा ना जाऊबाई, माझी बोटं काय यंत्राची आहेत?" असं ती म्हणायची, आणि थोरली मुद्दाम आणखी भराभर कापायची. मोडलेल्या चाकूनं बुडालेलं काम दोन दिवसांत भरून निघालं.

तिसऱ्या दिवशी पातं जास्त हलायला लागलं. घरी आल्यावर तिनं ते सासऱ्याला दाखवलं. म्हाताऱ्यानं चाकू पाट्याच्या दगडावर आडवा ठेवला आणि सांध्यातल्या खिळ्यावर हातोडीचे दोन बेताचे घाव घातले. पातं हलायचं थांबलं. त्यानं ते उघडून अंगठ्यानं पाठीवर दाबून पाहिलं. धरलं.

"झालं," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी उन्हं चढली तेव्हा थोरलीच्या मागे तीनशे रोपं झाली होती. गरम वारा जाळीतून आत येत होता. एका खुंटात चीर देताना पातं गाठीत अडकलं. असं दिवसातून वीस वेळा होतं. तिनं नेहमीसारखी मूठ वर ओढली. पातं गाठीतच राहिलं, मूठ वर आली, आणि खटका सुटला.

पहिल्यांदा तिला काहीच वाटलं नाही. चाकू मिटलेला दिसत होता, पण पुरता मिटला नव्हता. मध्ये तिची दोन बोटं होती.

"धाकटे," ती अगदी शांतपणे म्हणाली, "हा उघड."

धाकटीनं पाहिलं आणि तिच्या हातातली पट्टी गळून पडली. पण ती ओरडली नाही. तिनं एका हातानं मूठ धरली, दुसऱ्या हाताच्या नखांनी पात्याची पाठ पकडली, आणि डोळे न मिटता पातं बोटांतून वर काढलं. मग रक्त आलं. रोपांच्या पिशव्यांवर, तिच्या मांडीवर, तासलेल्या काड्यांवर. धाकटीनं कलमं बांधायची पट्टीच त्या बोटांवर गुंडाळली आणि आवळली, जशी दिवसभर आवळत होती तशी.

मुकादम धावत आला. आधी हाताकडे पाहिलं, मग काड्यांकडे.

"ह्या रक्ताच्या काड्या बाजूला काढा," तो दुसऱ्या बायकांना म्हणाला. "आणि ह्यांना दवाखान्यात न्या कुणीतरी."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. अंगठ्याजवळच्या बोटाची आतली, बोट वळवणारी दोरी अर्ध्याहून जास्त तुटली होती. त्या म्हणाल्या, "मधलं बोट बरं होईल. हे मात्र पुरतं वळेल असं सांगत नाही. महिनाभर हात हलवायचा नाही."

"आणि मग कापता येईल?"

"काय कापता?"

थोरलीनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटाकडे पुन्हा पाहिलं. पट्टी कापणारा कंपाउंडर मध्येच म्हणाला, "कशानं कापलं? ते बाजारातले दुमडते चाकू? घेताना बघून घ्यायचं हो बाई."

तेव्हा तिला त्या वाक्याचं काही वाटलं नाही. हात ठणकत होता.

पण मग ते वाक्य घरी आलं. शेजारीण विचारपूस करायला आली, ती म्हणाली, "स्वस्तात घेतलं की असंच. घेताना बघायला हवं होतं." पाणी भरायला आलेली म्हणाली, "दोन पैसे जास्त गेले असते, पण बोट राहिलं असतं." मुकादमानं निरोप पाठवला, की जागा दुसऱ्या जोडीला दिली आहे, बरं वाटल्यावर भेटा, आणि हत्यार बघून घ्यावं माणसानं. धाकटीला पिशव्यांत माती भरायला बसवलं होतं. त्याची मजुरी निम्मी. संध्याकाळी थोरला अंगावरचं सिमेंट न धुताच तिच्याशेजारी बसला, तिच्या पट्टीकडे बघत राहिला आणि शेवटी तोही म्हणाला, "आबांनी जरा नीट बघून..."

"पुरे," थोरली म्हणाली.

आत म्हाताऱ्याच्या खाटेची करकर थांबली. त्यानं ऐकलं होतं.

पुढचे दिवस तिला हाताच्या दुखण्यापेक्षा बाकीच्या गोष्टींनी जास्त छळलं. केस बांधता येईनात. सकाळी धाकटी कामाला जायच्या घाईत तिची वेणी घालून द्यायची, आणि ती ओढाताण निमूट सोसावी लागायची. अंघोळीला पाठ घासायला, लुगड्याच्या निऱ्या धरायला, दर वेळी "जरा ये गं". डाव्या हातानं जेवताना घास ताटाबाहेर पडायचा. घरात कुणी काही म्हणत नव्हतं. पण ज्या बाईनं बारा वर्षं कुणाला पाण्याचा तांब्या मागितला नव्हता, तिला प्रत्येक "जरा ये गं" जड जायचं.

आणि म्हाताऱ्यानं बोलणं टाकलं. जेवणही निम्म्यावर आणलं. कुणी कोयता दाखवायला आलं, तर "मला दिसत नाही आता" म्हणून परत पाठवलं.

नवव्या दिवशी दुपारी तो ओट्यावर बसला होता. पुढ्यात फडकं पसरलं होतं आणि फडक्यावर तो चाकू, सुटा केलेला. खिळा वेगळा, मुठीच्या दोन फळ्या वेगळ्या, पातं वेगळं.

"सूनबाई, इकडे ये."

ती जाऊन बसली. त्यानं मुठीच्या आतली एक पातळ पट्टी बोटांत धरली.

"हा खटका. पातं उघडलं की ह्या पट्टीनं आडवं येऊन त्याला टेकू द्यायचा. बघ, टेकायची जागा किती आहे ती. नखाच्या कडेएवढीपण नाही. आणि हे वाकव."

तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती पट्टी दाबली. ती वाकली.

"डब्याचं झाकण आहे हे," म्हातारा म्हणाला. "पोलाद फक्त दिसतं तिथं. आत झाकणाचा पत्रा. बंद चाकूत हे दिसत नाही. ब्रह्मदेवाला दिसणार नाही." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "पण मी त्याचा खिळा ठोकला. तिथं माझंही चुकलं असेल. ते मी नाकारणार नाही."

थोरली त्या पत्र्याकडे बघत राहिली. 

"मामंजी, सगळे म्हणतात बघून घ्यायचं. तुम्ही पन्नास वर्षं पाती बघताय, आणि तुम्हाला दिसलं नाही. मग बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? चाकू घ्यायला माणसानं हातोडी घेऊन जायचं का? तिथं फोडून बघायचा?"

"स्वस्त होता," म्हातारा म्हणाला.

"होता! स्वस्त म्हणजे मूठ ओबडधोबड असेल, कबूल. धार लवकर जाईल, कबूल, मी रोज लावीन. वर्षात झिजेल, तेही कबूल. पण चाकूनं समोरचं कापायचं की धरणाऱ्याचं? हे तर फुकटच्या चाकूकडूनही मागता आलं पाहिजे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याच्यासमोर आवाज चढवला नव्हता.

"उद्या बाजार आहे," ती म्हणाली. "तुम्ही ठोकलात म्हणून बिघडला की मुळातच तसा होता, ते न ठोकलेल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. म्हाताऱ्याचे गुडघे, तिचा गळ्यात बांधलेला हात. तासाच्या वाटेला दोन तास लागले. म्हाताऱ्यानं जाताना पेरूच्या छाटलेल्या काड्यांची एक मोळी बरोबर घेतली होती. बोटाएवढ्या जाडीच्या.

हत्यारवाला तिथंच होता. ताट तेच, ओरडणंही तेच. "लोखंडी खांब!"

थोरलीनं गळ्यातली झोळी सोडली आणि पट्टी बांधलेला हात ताटावर धरला. "हा बघ तुझा खांब."

तो क्षणभर गोंधळला. मग कसलेल्या विक्रेत्यासारखा हळहळला. "अरेरे, ताई! सांभाळून वापरायचा ना. धारेचं हत्यार आहे."

"धारेनं नाही कापलं. तुझा खटका सुटला आणि चाकू माझ्या बोटांवर मिटला."

"असं होणारच नाही. कुठाय चाकू?"

म्हाताऱ्यानं फडकं उलगडलं. हत्यारवाल्यानं खिळा उचलला, डोळ्याजवळ नेला आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. त्यानं तो खिळा जमलेल्या लोकांना दाखवला.

"हे बघा! हातोडीच्या खुणा. ठोकलाय चाकू! ठोकलेल्या मालाची गॅरंटी कोण देईल? कुणी ठोकला?"

"मी," म्हातारा म्हणाला.

"ऐका! स्वतः मोडायचं आणि गरिबाच्या पोटावर पाय द्यायला यायचं."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "स्वस्तात घ्यायचं आणि वर भांडायचं." म्हाताऱ्याची मान खाली गेली. ती तशी खाली गेलेली पाहून थोरलीच्या डोक्याची शीर तडकली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तो ठोकलेला. हे ताटातले तर नाहीत ना ठोकलेले? मामंजी, घ्या एक."

"हात नका लावू मालाला!"

"का? लोखंडी खांब आहे ना? तू तर म्हणालास हत्ती लटकवा. आम्ही काडी लटकवतो."

गर्दीला आता मजा वाटत होती. "बघू दे की, बघू दे!" म्हाताऱ्यानं वाकून लाल मुठीचा चाकू उचलला. उघडला. खट्. जिथं माणसाची बोटं येतात तिथं, मुठीच्या खाचेवर, पेरूची काडी आडवी धरली आणि पात्याच्या पाठीवर अंगठा ठेवून दाबला. फार जोर नाही. भाजी चिरताना लावतो तेवढा.

पातं मिटलं. काडीचा तुकडा उडून एका माणसाच्या पायावर पडला.

दुसरा चाकू. तिसरा. दोन्ही मिटले. दोन काड्या तुटल्या. चौथा धरला. म्हाताऱ्यानं जोर लावला तरी हलला नाही.

"बघा!" हत्यारवाला ओरडला. "धरला ना! धरला!"

पाचवा मिटला.

"पाचातला एक चाकू," थोरली म्हणाली, "आणि चार सापळे. कुणाच्या हातात काय जाणार ते तुलाही ठाऊक नाही."

आता कुणी हसत नव्हतं. गर्दीतून एक दूधवाला पुढं आला. ओशाळल्यासारखा इकडेतिकडे बघत त्यानं खिशातला हात बाहेर काढला. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"माझाही मिटला," तो म्हणाला. "दोरी कापताना. मला वाटलं, माझंच चुकलं. घरी सांगितलंसुद्धा नाही, पत्र्यावर लागलं म्हणालो."

"माझ्या भावजयीचा," मागून एक बाई म्हणाली. "तळव्याला सात टाके. आम्ही तिलाच बोललो, वेंधळी म्हणून."

थोरलीनं त्या बाईकडे पाहिलं. कुठल्या तरी घरात एक बाई हाताला सात टाके घेऊन वेंधळी म्हणून बसली होती. आणि चाकू इथं नवेकोरे चमकत होते.

हत्यारवाल्याचा आवाज उतरला. "हे बघा, मी काय कारखानदार आहे? माल वरून येतो. पेट्या येतात, मी मांडतो. ह्या किमतीत असाच येतो. तुम्हाला दुसरा देतो ताई, दोन देतो. घ्या, विषय संपवा." त्यानं ताटातले दोन चाकू उचलून तिच्यापुढं धरले.

थोरलीला वाटलं, ह्या माणसाला आपला हात दिसतच नाही. तो अजून मालच बघतोय.

"ही पेटी कशानं उघडलीस?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुझ्या मागे ती पेटी आहे. दोऱ्या कापलेल्या आहेत. कशानं कापल्यास?"

 हत्यारवाल्याचा हात नकळत कमरेकडे गेला. तिथं कातडी म्यानात एक चाकू होता. आखूड, जाड पाठीचा, मुठीत पक्का बसवलेला. न दुमडणारा.

"तो कमरेला का?" थोरली म्हणाली. "एवढं ताट भरलेलं आहे. ह्यातला एक का नाही ठेवलास खिशात? घे की आता. उघड. खाचेवर काडी नको धरूस, तुझं बोट ठेव. आणि दाब. मग मी तुझे दोन्ही चाकू घेते, आणि म्हणते की माझंच चुकलं."

सगळा बाजार त्याच्या हाताकडे बघत होता. त्यानं ताटाकडे पाहिलं. एक चाकू उचललासुद्धा. उघडला. खट्. आणि तसाच धरून उभा राहिला. त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट काही मुठीकडे गेलं नाही.

तेवढ्यात बाजाराचा कारकून पावतीपुस्तक काखेत मारून आला. गर्दी कसली, वाट मोकळी करा, म्हणू लागला. लोकांनी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जागेची पावती घेतलेली आहे त्यानं. मालाचं आमच्याकडे नसतं. घेणाऱ्यानं बघून घ्यावं."

"परत!" थोरली ओरडली. ती इतक्या जोरात ओरडली की कारकून दोन पावलं मागं सरला. "घेणाऱ्यानं बघावं, विकणाऱ्यानं बघू नये, करणाऱ्यानं बघू नये, बाजार भरवणाऱ्यानं बघू नये. डोळे काय फक्त गिऱ्हाइकाला दिलेत?"

कारकुनानं पावतीपुस्तक दुसऱ्या काखेत घेतलं. हत्यारवाल्याला मात्र लोकांचा रंग कळला. त्यानं ताट पेटीत उपडं केलं, पेटीवर गोणपाट टाकलं. तिच्या चाकूचे पैसे तिच्यापुढं ठेवले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेला.

 परतीच्या वाटेवर म्हातारा एका झाडाखाली टेकला आणि म्हणाला, "त्यानं कमरेचा चाकू झाकला बघ, हातानं. तिथंच तो हरला." आणि थोड्या वेळानं, "भूक लागलीय."

त्याच आठवड्यात तो लोहाराकडे जाऊन बसला. जुन्या करवतीच्या पात्यातून त्यानं एक चाकू करवून घेतला. लाकडी मूठ, आरपार दोन खिळे, दुमडायची भानगड नाही. दिसायला अगदी गावंढळ. लोहारानं घेतलेली मजुरी त्या ताटातल्या चाकूहून थोडीच जास्त होती, आणि चाकू देताना त्यानं न सांगता तो लाकडात रोवून, मुठीवर उभा राहून दाखवला.

पण तो चाकू थोरलीच्या हातासाठी नव्हता. पट्टी सुटली तेव्हा तिचं बोट ताठ होतं. गरम पाण्यात बुडवून, दुसऱ्या हातानं वळवून, रोज रडकुंडीला येऊन, ते निम्म्यापर्यंत वळायला लागलं. मुठीवर त्याची पकड बसेना. तिनं एक दिवस घरच्या घरी काडी तासून पाहिली. काप वेडावाकडा आला. तिनं ती काडी चुलीत टाकली आणि धाकटीला हाक मारली.

"बस. आजपासून तू कापायचंस."

"मी?" धाकटीनं चाकूकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला. "नको जाऊबाई. मला ते अजून दिसतं. तुमची बोटं..."

"मलापण दिसतं. बस."

धाकटीचे पहिले काप भित्रे आले. भीत भीत कापलं की काडी चावल्यासारखी होते. थोरलीनं तिच्या मागे बसून तिचं कोपर धरलं, जसं कधीकाळी तिला शिकवताना म्हाताऱ्यानं तिच्या दिराला तिचं कोपर धरायला सांगितलं होतं. सुनेच्या हाताला आपण सासऱ्यानं कसा हात लावायचा, म्हणून. आठ दिवस रोज संध्याकाळी दोघी ओट्यावर. नवव्या दिवशी म्हाताऱ्यानं एक काडी उचलली, उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला.

"घे," तो म्हणाला.

हंगामाचे शेवटचे चार दिवस उरले होते. मुकादमानं त्यांना जाळीच्या टोकाची, उन्हाची जागा दिली. त्यानं आधी लोहाराच्या चाकूकडे पाहिलं. "हे काय हत्यार!" म्हणाला.

"ज्याचं त्याचं," थोरली म्हणाली, आणि डाव्या हातानं पट्टी आवळायला बसली. चार दिवसांत त्यांची कलमं पूर्वीच्या निम्मीसुद्धा झाली नाहीत. मजुरीही तेवढीच. त्याला इलाज नव्हता.

महिन्याभरानं दूधवाला दारात आला. अंगठ्याची चिंधी गेली होती, पांढरा वण राहिला होता. त्यानं सांगितलं, की तो हत्यारवाला आता नदीपलीकडच्या बाजारात बसतो. तेच ताट. फक्त "लोखंडी खांब" म्हणत नाही, "फॅन्सी चाकू" म्हणतो.

थोरला म्हणाला, "जाऊ दे आता. तू एकटी कुठंकुठं पुरणार? इथून हटवलास, तिथं बसला. तिथून हटवशील, आणखी कुठं बसेल. बाजार आठवड्याचे सात दिवस सात गावी भरतात."

"मला सुट्टी एकच दिवस असते," थोरली म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

 सुट्टीच्या दिवशी तिनं सकाळीच घरातलं आवरलं. धाकटी दारात उभी होती. ती काही न विचारता चपला घालून बरोबर निघाली. नदीला पाणी कमी होतं. दोघींनी लुगडी गुडघ्यापर्यंत धरली आणि दगडादगडावरून पलीकडे गेल्या.

बाजार नुकता भरत होता. हत्यारवाल्यानं ताट लावलं होतं. एक नुकतंच लग्न झालेली वाटावी अशी पोर त्याच्यासमोर बसून लाल मुठीचा चाकू उलटासुलटा करून बघत होती. फार मन लावून बघत होती. पात्याला बोट लावत होती, मूठ पुसत होती, उजेडाकडे धरत होती. घेताना जेवढं बघता येतं तेवढं सगळं बघत होती.

हत्यारवाल्यानं मान वर केली आणि येणारी थोरली पाहिली.  त्यानं हळूच त्या पोरीच्या हातातून चाकू काढून घेतला.

"का हो?" पोर म्हणाली. "मला घ्यायचाय तो."

तो ताट आवरायला लागला होता. पोरीनं मागे वळून पाहिलं, की हा कुणाला बघून घाबरला. मागे दोन बायका उभ्या होत्या. भिजलेल्या लुगड्यांच्या, धापा टाकणाऱ्या. त्यांतली एक तिच्याशेजारी खाली बसली आणि म्हणाली,

"त्याला विचार, तुला का देत नाहीये. मोठ्यानं विचार."

पोरीनं विचारलं.

आसपासचे दोघंतिघं थांबले. हत्यारवाल्याचे हात पेटीवर थबकले. थोरली मांडी घालून बसली होती, आणि आज तिला उठायची घाई नव्हती.